सोप्यावरचं न्यायालय

गेल्या कार्तिकातल्या एका गुरुवारी सकाळी पार्से गावचे मामा वारले.

जगाच्या इतिहासात ज्याला म्हणून शिक्षा झाली, त्या प्रत्येकाची मामांनी आपल्या घराच्या सोप्यावर निर्दोष सुटका केली होती. असा दुसरा न्यायाधीश माझ्या वाचनात नाही, आणि वाचण्याखेरीज मी आयुष्यात फारसं काही केलेलं नाही. मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. नोकरीभर ते कोर्टात शिपाई होते. दारात उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं, हे त्यांचं काम. निकाल काय लागला ते त्यांना कधी ऐकायला मिळायचं नाही, कारण तोवर पुढचं नाव पुकारायची वेळ झालेली असायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती भूक भागवायला घेतली. मी डिचोलीच्या एका हायस्कुलात ग्रंथपाल. दर रविवारी पिशवीत इतिहासाचं एखादं पुस्तक घालून, बस बदलत पार्सेला जायचो. जेवणं झाली की मामा धुतलेला सदरा घालायचे, अंगणाकडे तोंड करून आरोपीचं नाव तीनदा पुकारायचे आणि मग खुर्चीत बसायचे. सॉक्रेटिसाला त्यांनी अशी काही हाक मारली होती की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

आरोपीचा वकील मी, आणि सरकारी वकील मामी, त्याही स्वयंपाकघरातून, भांडी घासता घासता. सॉक्रेटिसानं नेमकं केलं तरी काय, असं मामांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की तो लोकांना प्रश्न विचारत हिंडायचा. एवढ्यासाठी विष? मामांना ते पटेना. आतून मामी म्हणाल्या, "मीठ आणूक सांगलां तर तुमी धा प्रश्न विचारतात. तुमका कोणी दिलां विष?" गॅलिलिओही सुटला, पण चूक नसताना माफी मागितली म्हणून त्याला पेलाभर कोकम सरबत पिण्याची शिक्षा झाली. आरोपी गैरहजर असल्यानं ते मी प्यालो. नेपोलियनला समुद्रातल्या बेटावर एकटं ठेवणं मामांना मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी त्याला आपल्या काजूच्या बागेत हलवण्याचा हुकूम दिला. माकडांचा त्रास वाढला होता आणि राखणीला माणूस हवाच होता. मामींनी हरकत घेतली की ज्याला अर्धा युरोप पुरला नाही, तो आपली बाग सोडील काय. इंग्रजांशी लढलेल्या एकोणीस वर्षांच्या जोनला जिवंत जाळल्याचं मी वाचून दाखवलं, त्या रविवारी मात्र निकाल झाला नाही. मामा उठून विहिरीवर गेले आणि गरज नसताना दोन कळश्या पाणी काढून आले.

मग एका रविवारी त्यांनी मला पुस्तक पिशवीतून काढूच दिलं नाही. अंगणाकडे तोंड करून त्यांनी स्वतःचंच नाव तीनदा पुकारलं, आणि खुर्चीत मला बसायला सांगितलं. आरोपही त्यांनीच वाचला. शेजारचं घर धाकट्या मामांचं, त्यांच्या सख्ख्या भावाचं. एका फणसाच्या झाडावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं. धाकट्या मामांची बायको गेली, त्या दिवशी शेजारचं रडणं ऐकू येत असूनही हे सोप्यावरून उठले नव्हते. खांदा द्यायलाही गेले नव्हते. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"निकाल दी रे," मामा म्हणाले. "सोडूकच जाय असां काय नाय." सुटकेची सक्तीही त्यांनी उठवली.

उठा, आत्ताच्या आत्ता त्यांच्याकडे जाऊ, एवढं म्हणणं मला जमण्यासारखं होतं. मी हसलो. "मामा, आपल्या कोर्टात आरोपी मेल्याशिवाय खटला चालत नाही," असं म्हणालो, आणि पुढच्या रविवारी बघू म्हणून परतीची पेडण्याची बस पकडली. माझ्या बोलण्यावर तेही हसले होते. गुरुवारी ते गेले.

तेराव्यानंतर धाकटे मामा आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. मी निकाल काय दिला, हेच त्यांनी आधी विचारलं. दिला नाही, असं सांगितल्यावर ते म्हणाले,

"माका साक्षीक बोलावलो आसतो, तर मी आयलो आसतो."

साक्ष काय दिली असती, असं मी विचारलं.

"ती गेली, त्या दिसा मी सगळो वेळ दाराकडेच बघीत आसलो," ते म्हणाले.

आता मामी घरात एकट्या असतात. धाकटे मामा रोज संध्याकाळी त्यांची चौकशी करायला येतात. मी रविवारी जातो. त्या खटल्याचा निकाल लागलेला नाही, आणि तो द्यायचा होता मी.