घटपर्णीला घातलेली राख

परवा एका लग्नघरी कोळशाच्या शेगडीचा वास आला आणि सत्तर सालच्या सुमाराचं मुलुंडचं आमचं बैठं घर आठवलं. शेजारच्या बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांच्या भावाने शिलाँगहून आणलेली घटपर्णी त्यांनी अंगणात आंब्याखाली जपली होती. तिच्या सुरईसारख्या पानांत मुंग्या पडून विरघळायच्या. मे महिन्यात गावी जाताना बाई मला म्हणाल्या, "हिला आंबट माती लागते गं. गळलेली पानं मुळाशी कुजू दे, खत मात्र घालू नकोस." मला तो पाचोळा बघवेना. मी तो झाडून काढला, आणि राख म्हणजे काही खत नव्हे, असं समजून अळवाला घालायचे तशी शेगडीतली ओंजळभर राख घातली. राखेने मातीचा आंबटपणाच मारला, आणि पंधरा दिवसांत सुरया काळ्या पडल्या. बाई यायच्या आदल्या दिवशी मी राख खरवडून काढली आणि पाचोळा पुन्हा पसरला. बाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "ऐन उन्हाळ्यात मीच सोडून जायला नको होतं. तू तरी काय करणार?" मी नुसती मान हलवली. वर्षभरात त्यांची बदली झाली. आज मी बाईंच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे गेले, पण तेव्हा मान हलवली ती अजून सलते.