जरा उतरवून द्या

"पोरगी पसंत हाये. पन जरा उतरवून द्या."

मुलाची आत्या हे म्हणाली तेव्हा मी दाराआड उभी होते. हातात सुपारीचं तबक. बैठकीत आई, काकू आणि अमडापूरहून आलेली ती आत्या. थोड्या वेळापूर्वी मी तिच्यासमोर बसून नाव सांगितलं होतं, शिक्षण सांगितलं होतं, इंग्रजी पुस्तकातला एक उतारा वाचून दाखवला होता. त्यांना इंग्रजी शाळेतली सून हवी होती. फक्त ती अंगानं एवढी मोठी नको होती.

मला वाटलं, आई काहीतरी म्हणेल. निदान गप्प बसेल.

आई म्हणाली, "हाव जी. मुहूर्तापावतर उतरवतो."

मी तबक घेऊन आत गेले. आत्याबाईंनी सुपारी उचलली आणि माझं मनगट धरलं. अंगठा आणि मधलं बोट भोवती फिरवून पाहिलं. बोटं जुळली नाहीत. त्या हसल्या. काकू हसली. आई हसली. मीही हसले.

मुहूर्त म्हणजे काय, ते सांगायला हवं. खामगावात बाबांची जिनिंग होती, कापसातली सरकी काढायचा कारखाना, एका भागीदारासोबत. दिवाळीच्या सुमारास नव्या कापसाची पहिली गाडी यायची. ती मोजण्याआधी घरच्या मुलीला काट्यावर बसवायचं, ही आमच्याकडची रीत. जुना साखळ्यांचा काटा होता. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी. माझ्या वजनाइतका गूळ हमालांना वाटायचा. लहानपणी दर वर्षी मी वाढलेली असायचे आणि हमाल खूश व्हायचे. "लक्ष्मी भारी हाये बाप्पा," असं म्हणत एकेक ढेप चढवायचे. जड असणं ही चांगली गोष्ट आहे, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मग अमरावतीला हॉस्टेलवर गेले. तिथे माझ्या 'मले-तुले'ला मुली हसल्या, म्हणून ती बोली मी सोडली. घरी आल्यावर माझ्या पुस्तकी बोलण्याला घरचे हसले, म्हणून बोलणंच कमी केलं. पाहत राहायचे. सगळं दिसायचं मला. एक सोडून.

आत्या गेल्याच्या दुसऱ्या सकाळी चहासोबत बशीत एक पांढरी गोळी होती. "ताकदीची हाये," आई म्हणाली. "हॉस्टेलच्या जेवनानं रक्त कमी झालं तुह्यं." मी घेतली. आईनं दिलेली गोळी उलटून पाहायची असते, हे कुठल्या शाळेत शिकवतात?

चार-पाच दिवसांत माझी भूक गेली. ताट समोर आलं की तोंडात रुई कोंबल्यासारखं व्हायचं. घास फिरायचा, उतरायचा नाही. भाकरीचा तुकडा मोडून मी उठायचे आणि मला स्वतःचा अभिमान वाटायचा. मी ठरवलं होतं ना, की आता कमी खायचं. त्या मनगटाच्या मापानंतर मीच ठरवलं होतं. आणि मला जमत होतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या निश्चयानं होत होतं.

झोपही गेली. पहाटेच उठून मी कपाटं आवरायचे, पितळी भांडी घासायचे. बोलायलाही लागले, भराभर, एका वाक्यातून दुसऱ्यात. घरचे खूश. काकू म्हणायची, पोरगी सुधरून राह्यली. छाती धडधडायची. आरशात टिकली लावताना हात हलायचा. हे मी कुणाला सांगितलं नाही. निश्चयाला एवढं लागतच असेल, असं धरून चालले.

मुहूर्त जवळ आला तेव्हा बशीत दोन गोळ्या दिसू लागल्या.

एका दुपारी अंगणात वाळवण उचलताना डोळ्यांसमोर काळं झालं. शुद्ध आली तेव्हा काळीज गळ्याशी येऊन आपटत होतं. आई आणि काकूनं मला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला. काय औषध चालू आहे, म्हणून विचारलं. आई म्हणाली, काही नाही जी, ताकदीची गोळी. कोणती, कुणी दिली, हे त्यांनी विचारल्यावर आई जमिनीकडे पाहू लागली.

काकूला राहवलं नाही. "माह्याच गोळ्या हाएत त्या. भूक मारायच्या."

काकूचे गुडघे वजनानं गेले होते. अकोल्याच्या डॉक्टरनं तिला तपासून, हृदय पाहून त्या लिहून दिल्या होत्या. महिन्याभरानं दाखवायला बोलावलं होतं. तिला त्या सोसल्या नाहीत, तिनं बंद केल्या आणि बाटली कपाटात ठेवली. आमच्या घरात औषध कुणा एकाचं नसायचं. बाबांच्या खोकल्याचं औषध हमालांना जायचं, माझ्या तापातल्या उरलेल्या गोळ्या पुढच्या वर्षी चुलतभावाला. औषध टाकून देणं म्हणजे अन्न टाकण्यासारखं. तशीच ती बाटली माझ्याकडे वळली. बाटली संपली की आई बाजारातून नवी आणत होती. दुकानदार ओळखीचा. चिठ्ठी कोण मागणार?

डॉक्टरीणबाई आईवर ओरडल्या नाहीत. त्या सावकाश बोलल्या, म्हणून मला शब्दन् शब्द आठवतो. ही गोळी विष नाही, म्हणाल्या. वजनानं ज्याच्या जिवावर बेतलंय, त्याला ती देतात. पण आधी तपासून. थोड्या दिवसांसाठी. मधे मधे बोलावून, नाडी आणि रक्तदाब पाहून. एकाला लिहिलेली दुसऱ्याला कधीच नाही. आपल्या मनानं एकाच्या दोन तर नाहीच. "आणि जिला द्यायची, तिला सांगून," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी माझं वजन केलं, उंची घेतली. हिला वजनाचा कुठलाही आजार नाही, म्हणाल्या. आजपासून गोळी बंद. काही दिवस गळून गेल्यासारखं वाटेल, खूप झोप येईल, रडू येईल, भूक परत येईल. घाबरायचं नाही. आठवड्यानं येऊन दाखवायचं. आईला त्यांनी पुन्हा स्पष्ट सांगितलं, यापुढे दिली तर पोरीच्या हृदयाला धोका आहे.

परतताना टांग्यात मी रस्त्याकडे पाहत होते. धोक्याचं मला फारसं वाटत नव्हतं. तो निश्चय माझा नव्हता, एवढंच डोक्यात फिरत होतं. मोडलेल्या भाकरीचा अभिमान माझा नव्हता. माझ्याकडे एकच गोष्ट होती, तीही बशीतून आलेली.

तरी मी आईला मनातल्या मनात माफ करून टाकलं. तिला कळलं नसेल. कापसाचा सगळा माल अमडापूरकरांकडून, म्हणजे मुलाच्याच घरून यायचा, बाबांना त्यांचा धाक, आईला बाबांचा. आता कळलंय तिला. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलंय.

दुसऱ्या सकाळी चहा आला. बशीत दोन गोळ्या.

मी आईकडे पाहिलं. ती खिडकीकडे पाहत होती. "थोडेच दिवस राह्यले व माय," ती म्हणाली. "मुहूर्त निघून जाऊ दे."

मी गोळ्या मुठीत घेतल्या. चहा प्याले. गोळ्या मोरीत टाकल्या. रोज तसंच केलं. अंग दगड झालं, दुपारच्या दुपारी झोपले, उशीत तोंड खुपसून रडले. मग भूक आली. आठवड्यानं मी एकटीच दवाखान्यात गेले. ठोका जागेवर येतोय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरात कुणाला काही बोलले नाही. बोलायची सवयच नव्हती.

मुहूर्ताला जिनिंगच्या आवारात सगळे जमले. फुलांनी सजवलेली पहिली गाडी अमडापूरची. आत्याबाई गाडीसोबत आल्या होत्या, मुद्दाम. काट्याला हळदकुंकू लागलं. हमाल ढेपी घेऊन उभे. बाबा भागीदाराला म्हणाले, औंदा गूळ कमी लागन. सगळे हसले. आई हसली.

"बसा बाई," आत्याबाई म्हणाल्या. "पाहू द्या किती उतरल्या."

मी पारड्यापाशी गेले. साखळी हातात धरली. हात हलत नव्हता. आईचा चेहरा मला दिसत होता. तिला वाटत होतं, गोळ्या माझ्या पोटात आहेत.

मी साखळी सोडली. तोंडात आली ती हॉस्टेलात टाकलेली बोली.

"मी बसत नाही. मले काकूच्या भूक मारायच्या गोळ्या चारल्या, ताकदीच्या हाएत म्हनून. डॉक्टरीनबाईनं सांगतलं, पोरीच्या काळजाले धोका हाये. तरी दुसऱ्या दिवशी बशीत दोन होत्या. आत्याबाई, तुमच्या घरी मी येत नाही. बाबा, गूळ वाटाचा तर वाटा, मले मोजू नका. आन् आई, आजपासून तुह्या हातचा चहा मी घेत नाही."