लादीचा पाव

बेकरीवरून जाताना गरम लादीपावाचा वास आला, की आजही माझी मान जरा ताठ होते.

माझी मीरा तेव्हा आठ वर्षांची होती. तिला शाळेतून काढून मी घरीच शिकवत होते आणि सासूबाईंना ते मुळीच पटलं नव्हतं. अपूर्णांकांसाठी साहित्य निवडायला आम्ही मायलेकी बुधवार पेठेत गेलो. दुकानदारानं प्लॅस्टिकचा गोल पिझ्झा पुढे ठेवला.

मी विचारलं, "अहो, यातला पाव कसा दाखवायचा?"

"पाव बेकरीत मिळतो," ते वर न बघता म्हणाले.

तेव्हा मी चिडले होते. आज वाटतं, पहिला धडा त्यांनीच दिला. कारण मीरा खुदकन हसली आणि मला ओढत खरंच बेकरीत घेऊन गेली.

आठ पावांची लादी तिनं घरी मधोमध मोडली, मग त्यातली अर्धी पुन्हा मोडली. हातातल्या तुकड्याकडे बघत ती ओरडली, "आई, लादीचा पाव म्हणजे दोन पाव!"

संध्याकाळी सासूबाईंनी खोचकपणे विचारलं, "आणलंत का गणिताचं साहित्य?"

"आणलं होतं ना आजी," मीरा म्हणाली. "पाऊण खाऊन झालं. तुझा पाव ठेवलाय."