अकरा सेकंदांत उत्तर

मुल्लानपूरच्या खड्ड्याचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. पुसायचा म्हणून बोट ठेवतो आणि उचलतो. तळघरासाठी खणलेला, तीन पुरुष खोल खड्डा. पूर्वेकडच्या मातीच्या भिंतीत वरपासून निम्म्यापर्यंत उतरलेली भेग. तळाशी पिवळं हेल्मेट घातलेला एक माणूस पाणी उपसायचा पंप लावतोय. फोटोखाली एक प्रश्न आहे आणि प्रश्नाखाली माझं उत्तर. ते उत्तर मी प्रश्न न वाचताच दिलं होतं.

मी एका सरकारी कंपनीत सिव्हिल इंजिनिअर. मूळचा सांगलीकडचा, बदलीनं चंदीगडला आलो. मुल्लानपुरात आमचं एका इमारतीचं काम चालू होतं आणि ते माझ्या हाताखाली होतं. हाताखाली म्हणजे फोनखाली. साइटवर जायला वेळ कुठला? सकाळी ऑफिसला पोचेपर्यंत साठ-सत्तर मेल येऊन पडलेल्या असायच्या. शिवाय फोनवर कामाचा एक गट, त्यातल्या निवडक लोकांचा दुसरा आणि मोठ्या साहेबांना वगळून केलेला तिसरा. एकच कागद तिन्हीकडून यायचा आणि वर मेलनंही यायचा. उत्तराला अर्धा तास लागला, तर साहेबांकडून नुसतं एक प्रश्नचिन्ह यायचं. पुढे मागे शब्द नाही. त्या चिन्हाचा मी इतका धसका घेतला होता की आंघोळीला जातानाही फोन न्हाणीघराच्या खिडकीत ठेवायचो. पन्नाशीच्या माणसानं हे कबूल करायला लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

मुलगी तेव्हा दहावीत होती. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतून. जेवताना मी डाव्या हातानं टाइप करतोय हे बघून ती म्हणाली, "बाबा, आप भी ना. लाओ इधर." तिनं फोन घेतला आणि दोनदा 'न' दाबला की अख्खं वाक्य उमटेल अशी सोय करून दिली: 'नोटेड. देख कर बताता हूँ जी.' 'जी' मीच घालायला लावला. इथे 'जी' नसला की माणूस उर्मट ठरतो.

सुंठीवाचून खोकला गेला. 'न', 'न', पाठवा. आठवड्याभरात प्रश्नचिन्हं बंद झाली. महिन्याच्या बैठकीत साहेबांनी माझ्या तत्परतेचं कौतुक केलं आणि मी मोठ्या तोऱ्यात ती युक्ती सगळ्यांना शिकवली. साइटवरचा इंजिनिअरही त्यात होता. तिशीतला सरदार, कामाला वाघ, बोलायला संकोची. त्यानं माझं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

बायकोला हे सुरुवातीपासून आवडलं नव्हतं. एकदा मी बैठकीच्या खोलीत मेल उपसत बसलो असताना तिनं स्वयंपाकघरातून मला मेसेज पाठवला: 'घराला आग लागली आहे.' माझं उत्तर गेलं: 'नोटेड. देख कर बताता हूँ जी.' ती फोन घेऊन बाहेर आली, आम्ही तिघं हसलो. हसणं आधी तिचं थांबलं. "अहो, तुम्ही वाचलंच नाहीत," ती म्हणाली. मी म्हटलं, महत्त्वाचं असतं ते मी वाचतो. ती आत गेली.

पुढच्या गुरुवारी सरदाराकडून तो फोटो आला. मी व्हिडिओवरच्या बैठकीत होतो आणि विषय होता प्रलंबित मेल. मांडीवर फोन थरथरला. 'न', 'न', पाठवा.

शनिवारी ऑफिसला सुट्टी असते, साइटला नसते. आम्ही सेक्टर बावीसच्या बाजारात मुलीला बूट घ्यायला गेलो होतो. दुकानाच्या पायरीवर बसून मी फोनमधली जागा मोकळी करत होतो, कारण सकाळपासून तो जागा नाही म्हणून कुरकुरत होता. गुलाबाची फुलं, सुप्रभात, कुणाच्या तरी मुलाचं बारसं, असं भराभर पुसत चाललो होतो. मग ती भेग आली.

आधी वाटलं दुसऱ्या कुणाच्या साइटची असेल. मग खालचा मजकूर उघडला. 'सर, पूरब की तरफ़ दरार आ रही है. बगल के खेत में गेहूँ को पानी दिया है, उसका पानी भी अंदर आ रहा है. काम रोक दें?' त्याखाली मी. अकरा सेकंदांत.

दोन दिवस झाले होते. दोन दिवस तो माणूस मी बघून सांगण्याची वाट बघत होता, आणि खाली काम चालू होतं, कारण आमच्याकडे वरून सांगितल्याशिवाय काम थांबवायची कुणाची छाती नाही. ओली माती वाट बघत नाही, एवढं मला पहिल्या वर्षी कॉलेजात शिकवलं होतं. सरदाराला फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. ठेकेदाराच्या मुकादमाचा लागेना. शेवटी लिहिलं: 'सबको गड्ढे से बाहर निकालो. अभी.'

लगेच उत्तर आलं. 'नोटेड. देख कर बताता हूँ जी.'

माझंच वाक्य, 'जी'सकट. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्यानं वाचलं की नाही हे जगात फक्त मला नक्की कळत होतं.

बायकोला आणि एकाच पायात बूट असलेल्या मुलीला गाडीत घातलं. मध्य मार्गावर प्रत्येक चौकात लाल दिवा लागला. बायको म्हणाली, "अहो, उत्तर आलंय ना त्याचं?"

"आलंय म्हणूनच," मी म्हणालो. मुलगी मागे बसून फोन लावत राहिली.

पोचलो तेव्हा पूर्वेची भिंत उभी नव्हती. जेवायची सुट्टी झाली म्हणून बाकीचे वर आले होते, पंपवाला तेवढा खाली राहिला होता. दहा-बारा माणसं फावड्यांनी, हातांनी माती ओढत होती. सरदार गुडघाभर चिखलात होता, पगडी सुटून खांद्यावर आलेली. आधी पिवळं हेल्मेट निघालं, मग माणूस. जिवंत होता. माझ्याकडे बघून त्यानं हात जोडायचा प्रयत्न केला, का ते मला अजून कळलेलं नाही. त्याचा उजवा पाय त्याच दिवशी गुडघ्याखाली कापावा लागला.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर सरदार माझ्यापाशी आला. त्याच्या नखांतून रक्त येत होतं.

"सर, आपका मैसेज मैंने पढ़ा नहीं. आपकी ही रोज़ वाली रिपोर्ट भर रहा था, बारह बजे तक भेजनी होती है." मग म्हणाला, "गुरुवार को आपने लिखा था, देख कर बताता हूँ. मैं रुका हुआ था जी."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

चौकशी झाली. अहवाल मेलनं आला. संबंधित वरिष्ठ अधिकाऱ्यानं भेगेची माहिती मिळताच अकरा सेकंदांत दखल घेतली, असं त्यात नमूद होतं. साइटवरच्या इंजिनिअरनं मात्र धोका माहीत असून काम चालू ठेवलं आणि शनिवारी स्पष्ट आदेश मिळूनही तो अमलात आणला नाही, म्हणून तो निलंबित. माझं एक वाक्य माझी ढाल झालं, आणि तेच त्याच्या तोंडी होतं म्हणून त्याचा गळफास. आयुष्यात इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. आणि खरं सांगायचं तर, शरमेच्या आधी क्षणभर सुटका वाटली होती.

अहवालानंतरच्या रविवारी अख्खा दिवस बसून मी दोन पानं लिहिली. फोटो मी पाहिला नव्हता, प्रश्न वाचला नव्हता, उत्तर माझ्या अंगठ्यानं दिलं, काम थांबवायचं का, हे त्यानं मला विचारलं होतं, शिक्षा द्यायची तर मला द्या, त्याला परत घ्या. बायकोनं वाचलं आणि "पाठवा" एवढंच म्हणाली. सोमवारी दहाच्या ठोक्याला साहेबांना मेल केली आणि फोनवरही पाठवली.

नऊ सेकंदांत उत्तर आलं. 'नोटेड. देख कर बताता हूँ जी.'

त्याला आता चार महिने झाले. सरदार अजून घरीच आहे.