लिमलेटची गोळी विरघळेपर्यंत

पाळणाघरातल्या ताईवर पोरांचा भारी जीव. पण पोरांच्या आईबापांनी तोंड उघडायचा अवकाश, हिचा उपाय तयार! एक आई हरखून सांगायला आली, "ताई, बाळ काल…" एवढ्यात ही म्हणाली, "जंत!" बाळानं काल पहिलं पाऊल टाकलं होतं हो!

अशा तीन तक्रारी झाल्या. मोठ्या बाईंनी सुनावलं, "चौथी आली की तुम्ही धुण्याच्या खोलीत. तिथं पोरं नाहीत, नुसती दुपटी."  तेव्हापासून पालक दिसला की ताई लिमलेटची गोळी तोंडात टाकायची. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, आणि फोडायची तर मुळीच नाही.

त्या आठवड्यात कुलूपवाल्याची लेक सात पोरांना चावली. एका ताईला तेवढी चावली नाही. बापाला बोलावलं. गडी अगडबंब, आला तो थेट पोरांच्या खुर्चीत बसला. बाटलीत बूच बसावं तसा घट्ट!

"उम्म!" ताईनं खुर्चीकडे बोट दाखवलं.

"उम्मच की! मीही बायकोला तेच म्हणतो."

ताईच्या जिभेवर "दात शिवशिवत असतील, गाजर द्या" आलं होतं. पण गोळी अजून बोराएवढी. समोरचं माणूस गप्प बघून कुलूपवाला बोलतच सुटला. धंदा, सासू, गुडघा, घरातलं तान्हं…

"काय गोड आहे सांगू! आजी गाल चावते, आई बोटं चावते, मी टाचा. दिवसभर सगळ्यांचं एकच, खाऊ का तुला, खाऊ का…" तो थबकला. "अरेच्चा! आम्हीच चावतोय की! पोरीला वाटलं, माया अशीच करतात!"

तो ताडकन उठला. खुर्चीही उठली. तसाच तो मोठ्या बाईंच्या खोलीत शिरला. झालं, चौथी तक्रार! ताई दुपट्यांच्या विचारानं घामाघूम.

"बाई," आतून आवाज आला, "काय ज्ञानी बाई ठेवलीय तुम्ही! अवाक्षर न बोलता सगळं उलगडून दिलं!"

"ते असू दे," मोठ्या बाई म्हणाल्या, "आमची खुर्ची?"

ताईही आत धावली आणि दोघी खुर्ची ओढायला लागल्या. तेवढ्यात लेक धावत आली आणि ताईच्या कोपराला कडकडून चावली.

गोळी केव्हाच विरघळली होती. ताई हरखून ओरडलीच, "चावली! अहो, मलाही चावली!"