बाटवलंस म्हणे

माझ्या भाच्याला त्याच्या आयुष्यात एकच संस्कार मिळाला, आणि तो मी केला. त्यावर माझी आई मला म्हणाली, "बाटवलंस पोराला." या गोष्टीला आता चार वर्षं होतील, पण तो शब्द आठवला की माझं डोकं अजून फिरतं.

धाकट्या भावाची बायको तेलुगू, कॅथलिक. लग्न झालं तेव्हा अंबरपेठच्या आमच्या घरात सुतक पाळल्यासारखी सगळी गप्प होती. पुढे निवळली, म्हणजे तिच्या हातचा चहा घेऊ लागली. सातव्या महिन्यातच तिला मुलगा झाला. तारनाक्याच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि दुपारी डॉक्टरांनी हात टेकले. भाऊ औषधासाठी आबिड्सला गेलेला, फादर कुठेतरी ट्रॅफिकमध्ये अडकलेले. तिला टाक्यांमुळे उठवत नव्हतं. तिने माझा हात धरला.

"वदिना, तुम्ही पाणी घाला."

नणंदेला ती वदिना म्हणायची. मी म्हटलं, अगं, मी हिंदू, मी कशी घालू?

"जीव जात असला तर कोणी पण घातलं तर चालते. फक्त आम्ही ज्या मनाने करतो त्याच मनाने करा."

तिने मुलाचं नाव सांगितलं, शब्द माझ्याकडून म्हणून घेतले. नर्सने सुई काढलेल्या सिरिंजमध्ये कोमट पाणी भरून दिलं. पेटीच्या खिडकीतून हात घालून मी ते त्याच्या डोक्यावर तीनदा सोडलं आणि त्याचं नाव घेऊन म्हटलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते. त्याने कपाळाला आठी घातली. संध्याकाळी तो गेला.

मग आमची माणसं आली. पेटीपाशी त्यांतलं एकही फिरकलं नव्हतं. आईला मी सगळं सांगितलं, तेव्हा ती आधी ते बाटवल्याचं बोलली आणि मग नातवासाठी रडली. जन्मभर वकिली केलेले काका मला कॉरिडॉरच्या कोपऱ्यात घेऊन गेले.

"वाच्यता नक्को. बारसं झालं नव्हतं. नाव नाही, धर्म नाही. आपण अंबरपेठलाच पुरू."

तिला त्याला चर्चच्या दफनभूमीत, आपल्या वडिलांच्या शेजारी ठेवायचं होतं. एवढंच मागणं होतं तिचं, आणि बाप्तिस्मा झालाच नाही असं म्हणून ते मारायला माझ्या मौनाची गरज होती. आबिड्सहून परतलेला भाऊ भिंतीकडे बघत उभा होता. त्याच्या तर मला थोबाडीत द्यावीशी वाटली.

फादर आले. त्यांनी हळूच विचारलं, बाप्तिस्मा झाला होता का?

"नाही," काका म्हणाले.

"झालाय," मी म्हटलं. "मी दिलाय."

"तुला काय अधिकार?" काकांचा आवाज चढला.

फादरनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "बाळाचं नाव काय ठेवलंत?"

मी सांगितलं. भावाने चमकून मागे पाहिलं. आईने डोळ्यांवरचा पदर काढला. आपल्या नातवाचं नाव तिला तेव्हा कळलं.