फॅनटॅनच्या टेबलावरची कुनताई

मकाऊत लिओंग सोक-कुनला ‘जरा लवकर आटपा’ असं कुणी दोनदा सांगितलेलं नाही. पहिल्यांदा सांगणाऱ्याकडे ती अशी काही बघते, की तो मुकाट्याने दुसऱ्या टेबलाकडे वळतो. ही कुनताई एकसष्ट वर्षांची, अंगाने काटकुळी, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. अडतीस वर्षं तिने एकच काम केलं. फॅनटॅनचं टेबल सांभाळलं.

खेळ म्हणाल तर अगदी साधा. पांढऱ्या बटणांचा ढीग पितळी वाटीखाली झाकायचा. लोकांनी एक, दोन, तीन किंवा चार या आकड्यांवर पैसे लावायचे. मग वाटी उचलून बांबूच्या बारीक काडीने चार-चार बटणं बाजूला सारायची आणि शेवटी जितकी उरतील तो आकडा जिंकला. मुरलेल्या माणसाला ढीग पसरला की थोड्या वेळात कळतं काय उरणार ते. कुनताईला तर सगळ्यांच्या आधी कळायचं. तरीही ती शेवटच्या बटणापर्यंत मोजायची. मला कळलं म्हणून काय झालं, समोरच्याला दिसायला नको का, असं तिचं म्हणणं.

हा हट्ट तिच्या बापाचा. बाप जुन्या गल्लीतल्या जुगारघरात मोजायला होता. तिथे वरच्या सज्जात बसलेले शेठलोक दोरीला बांधलेली टोपली खाली सोडून पैसे लावायचे आणि खाली बापाची काडी चालायची. इतक्या उंचावरून काय कप्पाळ दिसणार? पण बाप म्हणायचा, म्हणूनच जास्त सावकाश मोजायचं. ते घर गेलं, मग बंदरात नांगरलेल्या बोटीवर खेळ रंगला, मग मोठमोठी हॉटेलं आली. कुनताई तेविसाव्या वर्षी त्यातल्याच एका हॉटेलात लागली. पुढे दोन बेटांमधला समुद्र बुजवून त्यावर जुगाराचे महाल उभे राहिले, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे. त्यातल्या ‘सात मोती’ नावाच्या महालात कुनताईचं टेबल हललं आणि टेबलाबरोबर कुनताईही हलली.

सात मोतीत कायम संध्याकाळ असते. वर गुलाबी ढग रंगवलेलं छत, खाली कालवा, कालव्यात गाणी म्हणत होड्या वल्हवणारी मुलं. हवेतून मोगऱ्यासारखा वास सोडणारी यंत्रं आहेत. घड्याळ औषधालाही सापडायचं नाही. सीमेच्या फाटकापासून फुकट बस सुटते, ती माणसं ओतते, माणसं तोंडाचा आ करून झुंबराचे फोटो काढतात, अंड्याच्या टार्टसाठी रांगेत ताटकळतात आणि शेवटी पत्त्यांच्या टेबलावर जाऊन, चांगलं पान निघावं म्हणून पत्त्यांवर फुंकर मारत बसतात. मोजणीला थांबायला वेळ कुणाला आहे? फॅनटॅनच्या टेबलावर हळूहळू चार म्हातारे उरले, मग दोन, आणि एक दिवस कंपनीने टेबल बंद केलं.

ही बातमी सांगायला आला तो हॉलचा मॅनेजर, यिओंग ची-हौ. सगळे त्याला आ-हौ म्हणतात. हा कुनताईचाच चेला. एकोणिसाव्या वर्षी आला तेव्हा हातात धड वाटी धरता यायची नाही. टेबलाला हात लावला, की सोडताना टाळी वाजवायची आणि दोन्ही तळवे उलटून छतातल्या कॅमेऱ्याला दाखवायचे, हा या नोकरीतला पहिला धडा. हातात काही लपवलेलं नाही, एवढंच त्यातून सांगायचं. आ-हौ विसरायचा, आणि विसरला की बोटांवर कुनताईची काडी बसायची. झोपेतसुद्धा हात आपोआप फिरले पाहिजेत, असा तिचा दंडक. सहा महिन्यांनी आ-हौची आई तक्रार घेऊन आली, की पोरगा जेवून उठतानाही टाळी वाजवतो. कुनताई म्हणाली, मग शिकला म्हणायचा.

तर तो आ-हौ आता कोट घालून तिच्यासमोर बसला होता. टेबल बंद, पण तुम्हाला काढत नाही, म्हणाला. दारापाशी ‘जुनं मकाऊ’ नावाचा कोपरा काढतोय. तिथे तुम्ही रेशमी झगा घालून पाहुण्यांना फॅनटॅन दाखवायचं. पैसे लावायचे नाहीत, कंपनीची लाल सोंगटी लावायची, जिंकणाऱ्याला बदामी बिस्किटांचा डबा. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, आरामात निघून जातील.

कुनताईला इथवर काही वावगं वाटलं नाही. मग आ-हौने हळूच झग्याची बाही दाखवली. चांगली वीतभर रुंद.

“पाहुणे त्या कोपऱ्यात हरायला येणार नाहीत, ताई. हरायला आत एवढे मोठाले हॉल आहेत. इथे प्रत्येकाने जिंकायचं, डबा घ्यायचा, फोटो काढायचा. एखादं बटण बाहीत गेलं तर कुणाचं काय जातंय?”

“म्हणजे मी चोरी करायची.”

“पाहुण्याच्याच फायद्याची आहे ना. ती चोरी कशी?”

“पळवलं ते पळवलं, आ-हौ. मग ते देवापुढे नेऊन ठेवलंस तरी.”

आ-हौ हसला नाही. तुम्ही नाही म्हणालात तर आजच्या आज नाव कमी होईल, माझ्या हातात काही नाही, एवढं त्याने स्पष्ट सांगितलं. एकसष्टाव्या वर्षी कोण ठेवणार तिला? घरी नवरा गुडघे धरून बसलेला. हे सगळं तिलाही ठाऊक होतं. झगा घालीन, एवढंच ती म्हणाली, आणि आ-हौने त्याचा हवा तो अर्थ घेतला.

कोपरा उघडला त्या दिवशी सकाळी कुनताई झगा घालून आली, आणि भाजीच्या जुड्यांना येतात ती लाल रबरं दोन्ही मनगटांवर चढवून बाह्या करकचून बांधून आली. आ-हौच्या कपाळावर आठी पडली, पण कंपनीची मोठी माणसं मागे उभी होती. बोलणार काय?

पहिल्या बसमधून सीमेपलीकडच्या, झोंगशानकडच्या खेड्यातली एक आजी आली. डोक्यावर सहलीची पिवळी टोपी, हातात पिशवी. तिने लाल सोंगटी दोनवर ठेवली. कुनताईने वाटी उचलली, मोजलं. चार आले. आजी हरली.

मागे कुजबुज झाली. आ-हौ पुढे झाला, आजीला वाकून म्हणाला, पुन्हा खेळा ना, आजी. आजीने पुन्हा सोंगटी दोनवरच ठेवली. कुनताईने वाटी उचलून ढीग पसरला आणि काडी चालू लागली. निम्मा ढीग सरला तेव्हा तिला दिसलं, तीन उरणार. नजर वर केली तर समोर आ-हौचा चेहरा. त्यालाही दिसलं होतं, शिकवलेलं कुणी?

“पाहुण्यांना नीट दिसू दे,” असं म्हणून आ-हौने हात पुढे केला, ढीग जरा सारखा केला आणि हात मागे घेतला. त्याची करंगळी आत वळलेली होती. पोरगा असताना नेमक्या त्याच करंगळीवर काडी बसायची. कुनताईने ढिगाकडे पाहिलं. आता दोन उरणार होते.

दोन म्हणायचं, डबा द्यायचा, घरी जायचं. दोन वर्षं अशीच काढायची. तिने काही केलेलं नव्हतं, तिच्या बाह्या तर बांधलेल्या होत्या.

तिने काडी खाली ठेवली.

“आ-हौ,” ती एरवीच्याच आवाजात म्हणाली, “टेबलाला हात लावलास. सोडताना काय करायचं?”

विचार करायला क्षण मिळाला असता तर आ-हौ सावरला असता. पण ती शिकवणीतलीच ताई बोलली होती. त्याचे हात आपोआप वर आले, टाळी वाजली, तळवे उलटले, आणि पांढरं बटण टपकन टेबलावर पडून गरगर फिरलं.

कुनताईने काडीच्या टोकाने ते बटण ढिगात ढकललं आणि मोजणी पुढे चालू केली, तितक्याच सावकाश. चार. चार. चार. शेवटी तीन.

“तीन,” ती म्हणाली. “आजी, तुम्ही हरलात.”

आजीने डोक्यावरची टोपी सारखी केली. “बरं झालं, बाई, खरं सांगितलंस. सकाळी बसमध्ये बसल्यापासून जो तो मला तुम्ही जिंकणारच, जिंकणारच म्हणतोय. आज माझा दिवस आहे का नाही, मला कळायचं कसं?”

आ-हौचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो दबल्या आवाजात म्हणाला, “ताई, आता मी तुम्हाला ठेवू शकत नाही.”

“मला ठेवायला मी काय बटण आहे?” कुनताई म्हणाली.

तिने मनगटांवरची रबरं काढली. टेबल सोडताना करायचं ते केलं, टाळी वाजवली आणि तळवे उलटले. पण अडतीस वर्षांत पहिल्यांदा तिने वर छताकडे पाहिलं नाही. दोन्ही तळवे आजीसमोर धरले, आजीने ते नीट निरखून पाहिले आणि मान डोलावली. मग नोकरांचं मागचं दार सोडून कुनताई पाहुण्यांच्या मोठ्या दारातून रेशमी झग्यातच बाहेर पडली. बाहेर लख्ख ऊन होतं.